वणीच्या काट्यावर युरेनियम

पाटाळ्याला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा मागे राहतो आणि यवतमाळ सुरू होतो. डिसेंबरातली नदी, पाणी एका कडेला, बाकी सगळी रेती. पुलाच्या अलीकडे आमची गाडी कोळशाच्या एका हायवाच्या, म्हणजे मोठ्या डंपरच्या, मागे अडकली ती वणीपर्यंत तशीच राहिली. हायवावर ताडपत्री होती, पण तिच्या फटींतून कोळशाची भुकटी उडत होती आणि रस्त्याकाठच्या पराट्यांवर बसत होती. शेतांत कापसाची वेचणी चालू होती. काळपट कापूस म्हणजे काय, ते इथल्या बायांच्या ओट्यात पाहावं.

मी निघालो होतो एका साक्षगंधाला. नागपूरहून बुटीबोरी, जाम, वरोरा आणि वरोऱ्याहून उजवीकडे वळून वणी, असा अडीच-तीन तासांचा रस्ता. पिशवीत मात्र साक्षगंधाच्या घरी शोभणार नाहीत असे कागद होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनावरचा एक लेख महिनाभर अर्धवट पडला होता आणि दोन दिवस निवांत मिळाले तर तो उरकावा असा बेत होता. तो उरकला नाही. पण त्या लेखात जे नीट बसत नव्हतं, ते वणीत एका मालगाडीपाशी उभं राहिल्यावर बसलं, म्हणून ही हकीकत.

आधीच सांगून टाकतो, वणीत युरेनियमची खाण नाही. इथल्या जमिनीत कोळसा आहे, चुनखडी आहे, वर काळी कापसाची माती आहे. राजूर, उकणी, नीलजई, मुंगोली, घोन्सा ही नावं विदर्भात कोळशाशिवाय उच्चारली जात नाहीत. गावाला लागून निर्गुडा वाहते, रंगनाथस्वामींचं देऊळ आहे, यात्रेतला बैलबाजार आहे. युरेनियमशी वणीचा संबंध असलाच तर तो कागदाचा आहे. आणि युरेनियमच्या धंद्यात कागदच महत्त्वाचा असतो.

साक्षगंध दुपारी आटोपलं. माझ्या मावसभावाचे सासरे, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, खदानीत लोडिंगवर होते. आता निवृत्त आहेत, पण संध्याकाळी साइडिंगकडे चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मला म्हणाले, "चाला पाहुने, रेक लागली आहे, दाखवतो." रेक म्हणजे पुरी मालगाडी, अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची. लोडर कोळशाचे ढीग उपसून वाघिणींत ओतत होता. प्रत्येक खेपेला काळा ढग उठायचा आणि दिव्याच्या उजेडात सावकाश खाली बसायचा. एका रेकेत किती, असं विचारलं तर काकाजी सहज म्हणाले, "चार हजार टन धरा. थोडा कमी."

हा आकडा ऐकून मला पिशवीतला एक कागद आठवला. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान ओटावाला गेले होते. तेव्हा कॅनडाच्या कामेको कंपनीबरोबर भारताने ७१ लाख पौंड युरेनियमचा करार केला. पुरवठा २०२० पर्यंत. चाळीस वर्षांनी कॅनडाने आपल्याला युरेनियम द्यायचं कबूल केलं म्हणून वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर मथळे होते. ७१ लाख पौंड म्हणजे सव्वातीन हजार टनांच्या आतबाहेर. दोन पंतप्रधान, दोन परराष्ट्र खाती, पाच वर्षांच्या वाटाघाटी आणि पाच वर्षांचा पुरवठा; सगळा माल समोरच्या या एका गाडीत मावला असता आणि वर दहा-बारा वाघिणी रिकाम्या राहिल्या असत्या.

काकाजींना हे पटेना. मग तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियम जी वीज देतं, तेवढ्यासाठी आपल्या दर्जाचा तीस-पस्तीस टन कोळसा जाळावा लागतो. म्हणजे एक हायवा भरून आणि वर थोडा. आणि एक किलो युरेनियम धातू केवढा, तर लिंबाएवढा. काकाजींनी हाताची मूठ मिटून पाहिली. मग त्यांचा प्रश्न आला, आणि तो नेमका होता: "पाहुने, आमच्या इथं कोळसा भरदिवसा चोरीले जाते. तुमच्या त्या लिंबाले कोन हात लावू देत असन?"

कोणी नाही, हेच त्याचं उत्तर. कोळशाला पहारा लागतो तो त्याच्या वजनासाठी. युरेनियमला लागतो तो त्याच्या दुसऱ्या उपयोगासाठी. भट्टीत जळलेल्या युरेनियमपासून प्लुटोनियम मिळतं आणि प्लुटोनियमपासून बॉम्ब. त्यामुळे विकणारा देश पैसे घेऊन मोकळा होत नाही. माल जहाजातून उतरला, त्याच्या गोळ्या झाल्या, त्या भट्टीत जळल्या, जळून राख झाली, तरी त्या राखेवर विकणाऱ्याची अट राहते. शेत विकून टाकल्यावरही जुन्या मालकाने पुढच्या तीन पिकांचा हिशेब मागावा, तसं काहीसं.

गंमत म्हणजे त्या रेकेतही थोडं युरेनियम होतंच. बहुतेक कोळशात दशलक्षात एक-दोन भाग असतंच. चार हजार टनांत चार-आठ किलो. त्याला ना पहारा, ना करार. जळतं आणि राखेत राहतं.

मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, ही गोष्ट वणीला नवी नाही. जुन्या गॅझेटियरात यवतमाळ नावाचा जिल्हा सापडत नाही. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नाव होतं वूण, म्हणजेच आपली वणी. हा वूण जिल्हा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड निजामाचं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, फौजेच्या खर्चापोटी. मालकी हैदराबादची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने त्याला कायमच्या पट्ट्याचं रूप दिलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरला. इथे शेतसारा भरणाऱ्याला निजाम कधी दिसला नाही, पण १९३६ साली निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. जमीन एकाच्या हातात आणि नाव दुसऱ्याच्या दप्तरात, अशी जवळजवळ शंभर वर्षं गेली.

याच वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. लोकनायक बापूजी. १९३० च्या जंगल सत्याग्रहात त्यांनी सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. गवत कोणाचं, हा तेव्हाचा प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. ते पाटण्याच्या राजभवनात असताना, १९५१ मध्ये, त्यांच्याच राज्याच्या दक्षिण टोकाला सिंहभूममध्ये जादुगुडा इथे युरेनियमचा साठा सापडला. भारताची पहिली युरेनियम खाण तिथेच झाली. जादुगुडा आता झारखंडात आहे. काकाजींना बापूजी राज्यपाल होते हे पाठ होतं, जादुगुडा मात्र त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मलाही ही दोन सालं एकमेकांशेजारी ठेवून पाहायची बुद्धी वणीत आल्यावरच झाली.

पुढचा योगायोग आणखी मोठा आहे. १९६२ च्या निवडणुकीत बापूजी नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. त्याच लोकसभेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा केला आणि देशातलं युरेनियम पुरतं सरकारच्या मुठीत आलं. आणि त्याच लोकसभेच्या काळात, ८ ऑगस्ट १९६३ रोजी, भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरचा करार झाला. यावर बापूजी सभागृहात काही बोलले असा माझा दावा नाही. गवतावरच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेला माणूस त्या बाकांवर बसलेला होता, एवढंच.

तारापूरला मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. बोईसर स्टेशनला उतरायचं, कारखान्यांच्या गर्दीतून समुद्राकडे जायचं. कोळसा कुठेच नाही, चिमणीतून धूर नाही, मालगाडी नाही. वणीच्या माणसाला हे वीजकेंद्र आहे यावर विश्वास बसणार नाही. १९६३ च्या कराराने अमेरिकेने इथे दोन भट्ट्या उभारून द्यायच्या, आणि तीस वर्षं त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही द्यायचं असं ठरलं होतं. अट अशी की या भट्ट्यांत दुसऱ्या कोणाचं इंधन घालायचं नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या या भट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. देशातली ही पहिली अणुवीज, आणि तिचं इंधन पूर्णपणे सातासमुद्रापलीकडून येणारं.

१८ मे १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली. तिचं प्लुटोनियम आलं होतं तुर्भ्याच्या सायरस भट्टीतून, जी कॅनडाने दिली होती आणि जिचं जड पाणी अमेरिकेचं होतं. कॅनडाने लगेच हात काढून घेतला. अमेरिकेने १९७८ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला आणि आधीच्या कराराला तो लावला: तुमच्या सगळ्या भट्ट्या तपासणीला उघड्या करा, नाहीतर इंधन बंद. भारताचं म्हणणं साधं होतं, करार करताना ही अट नव्हती. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तारापूरसाठी अडतीस टन इंधन पाठवायचं ठरवलं. प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी तरलं. अडतीस टन. वणीच्या रेकेतली एक वाघीणही पुरती भरत नाही.

त्यानंतर तारापूरच्या इंधनाने जग हिंडून पाहिलं. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तोडगा निघाला की अमेरिकेऐवजी फ्रान्सने द्यावं. १९९३ मध्ये मूळ कराराची तीस वर्षं संपली आणि फ्रान्सनेही तपासणीची अट पुढे करून थांबवलं. मग १९९५ मध्ये इंधन आलं चीनकडून. होय, चीनकडून. मुंबईचे दिवे लागावेत म्हणून चीन युरेनियम देत होता आणि याचा कोणाला फारसा पत्ता नव्हता. २००१ मध्ये रशियाने दिलं, तेव्हा अमेरिकेने आदळआपट केली. एका किनाऱ्यावरच्या दोन छोट्या भट्ट्या, आणि सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी चौघांनी त्यांचं चुलाण पेटतं ठेवलं.

जळून उरलेल्या इंधनाची कथा तर अधिक विचित्र. अमेरिकी युरेनियमच्या त्या कांड्या तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत वर्षानुवर्षं पडून राहिल्या. अमेरिका परत नेईना, आणि आपण त्यातून प्लुटोनियम काढायचं म्हटलं तर तिची संमती हवी. करार संपला तरी संमतीचा वाद संपेना. लग्न मोडलं, पण रुखवत कोणाचा हे ठरत नाही, असा तो प्रकार.

तारापूरच्या कुंपणाआत आणखी एक रेघ आहे, जी डोळ्यांना दिसत नाही. भट्टी क्रमांक एक आणि दोन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली आहेत: व्हिएन्नाहून निरीक्षक येतात, मोहोरा तपासतात, कॅमेरे पाहतात. तीन आणि चार, ज्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या, त्या तपासणीबाहेर. त्यात परदेशी युरेनियमचा कणही जाता कामा नये. त्यांना जादुगुडाचं, आंध्रातल्या तुम्मलपल्लेचं घरचंच लागतं. या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. उठलेल्या माणसांना ही रेघ ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मला ती सबंध अणुराजनयाचा नकाशा वाटते. मार्च २००६ च्या आराखड्यात ती आखली गेली: बावीसपैकी चौदा भट्ट्या नागरी, आठ आपल्या. जलद प्रजनक भट्ट्या कुठल्या बाजूला, यावर अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर जाहीरपणे अडून बसले होते. त्या नागरी यादीत जाणार नाहीत, असं ते म्हणाले आणि त्या गेल्या नाहीत. शास्त्रज्ञाने वाटाघाटीच्या ऐन मध्यात वर्तमानपत्राशी असं बोलावं का, यावर दिल्लीत पुष्कळ भुवया उंचावल्या. मला वाटतं, बोलले ते बरं झालं.

अडचण खरी होती. आपलं धातुक गरीब आहे: टनभर खडक दळला तर अर्धा-पाऊण किलो युरेनियमही कष्टाने मिळतं. कॅनडातल्या सिगार लेकसारख्या खाणीत शेकडा दहाहून जास्त. २००७-०८ मध्ये इंधन नाही म्हणून आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेवर आल्या होत्या, आणि नेमका त्याच सुमारास जागतिक भाव पौंडाला १३६ डॉलरवर गेला होता. पण भाव काहीही असो, आपल्याला कोणी विकतच नव्हतं. पोखरणनंतर आपल्यासारख्यांना अडवण्यासाठीच जमलेला अणुपुरवठादार गट अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न करणाऱ्याला माल देत नसे. ६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्नात त्या पंचेचाळीस देशांनी भारताला सूट दिली. शेवटपर्यंत अडून बसले ते ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि न्यूझीलंडसारखे देश, ज्यांच्याकडे विकायला युरेनियम नाही आणि वीज करायला अणुभट्टीही नाही. ऑस्ट्रियाने तर एक भट्टी बांधून पूर्ण केली, जनमत घेतलं आणि एक दिवसही न चालवता कुलूप लावलं. असा देश अडून बसला तर त्याला दोष कसा देणार?

दार उघडल्यावर रांग लागली. फ्रान्सकडून तीनशे टन, रशियाकडून दोन हजार टन, कझाकस्तानकडून आधी दोन हजारांवर आणि २०१५ मध्ये पाच हजार टन. जगातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास युरेनियम एकट्या कझाकस्तानातून निघतं, हे आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असतं. तेलाच्या देशांची नावं मात्र पोरांनाही पाठ. नामिबियाने २००९ मध्ये सही केली, पण आफ्रिका अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या कराराचा अडसर आला आणि ते घोंगडं भिजत पडलं. कॅनडाशी २०१० मध्ये करार झाला, तर तीन वर्षं एका कलमावर अडलं: आमचा प्रत्येक किलो तुमच्याकडे कुठे आहे, ते आम्हाला कळवा. भारत म्हणाला, हिशेब आम्ही व्हिएन्नाला देतो, तुम्हाला वेगळा कशाला? शेवटी दोघांची समिती नेमून वाट काढली.

बाहेरून आणलेलं नैसर्गिक युरेनियम इंधनाच्या गोळ्या करायला जातं हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये. तिथेही घरचा माल आणि पाहुण्यांचा माल वेगळा ठेवावा लागतो. वऱ्हाडाची सनद जिथल्या दप्तरात होती, त्याच शहरात. मालकी आपली, पैसे रोख मोजलेले. पण मागे कॅनडाची, कझाकांची अट.

काकाजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रेक भरत आली होती. मग म्हणाले, "म्हन्जे आपला कोळसा बरा. कोनाले विचारा लागत नाही." मी म्हटलं, विचारावं लागत नाही, पण धूळ तुमच्याच पराटीवर बसते. ते हसले नाहीत. "थे तर आहेच," एवढंच बोलून त्यांनी विडी पेटवली.

रात्री कागद काढून बसलो. २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे फ्रेंच कंपनीच्या हातून तिथली खाण गेली. मे २०२४ मध्ये अमेरिकेने रशियाच्या समृद्ध युरेनियमवर बंदीचा कायदा केला आणि लगेच अडलेल्यांसाठी २०२७ अखेरपर्यंत सवलतही ठेवली, कारण समृद्धीकरणाचा मोठा वाटा रशियाकडे आहे. युक्रेनवर भांडण आणि तरीही इंधन चालू. तारापूर ज्याने भोगलं त्याला यात नवल काही नाही.

सकाळी परत निघालो तेव्हा गावाबाहेर एका वजनकाट्यापाशी हायवांची रांग होती. आमच्या ड्रायव्हरला चहा हवा होता, म्हणून थांबलो. पुढचा हायवा काट्यावर चढला, वजन बरोबर भरलं, खिडकीतल्या पोराने आकडा लिहून घेतला. मग त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. त्यावर एक शिक्का नव्हता. ड्रायव्हर खाली उतरला, बरंच काही बोलला, माल दाखवला, काट्याचा आकडा दाखवला. पोरगा मान हलवत राहिला. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी त्याने हायवा कडेला घेतला, कोणाला तरी फोन लावला, इंजिन बंद केलं आणि कॅबिनमध्ये आडवा झाला. आमचा चहा संपला तरी शिक्का आला नव्हता.